सोनेरी टाळून

आईने माझ्या गालावरची काजळी पुसली आणि मला ओकारी आली. झालं एवढंच. सकाळी मी दाराशी बूट घालत होतो. ती आतून आली, "थांब, काळं लागलंय," म्हणाली आणि उजव्या हाताचा तळवा माझ्या गालावरून फिरवला. तळवा खरखरला. कातडीखाली जाड मिठाचे खडे शिवून ठेवल्यासारखं काहीतरी गालावरून ओरखडत गेलं आणि माझं पोट तळापासून वर आलं. मी मान झटकन मागे घेतली. "काय रे, लागलं?" तिने विचारलं. "नाही गं. उशीर होतोय." तिने हात मागे घेतला, एकदा उलटा करून पाहिला आणि अंगावरच्या जुन्या स्वेटरला पुसला. माझ्या गालाचीच घाण तिला लागली असावी, अशा थाटात. तिला कळलं होतं की नाही, मला तेव्हा ठरवता आलं नाही. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरताना गाल बाहीने घासला, परत घासला, कोपऱ्यावर पोचेपर्यंत घासत राहिलो. रस्त्यावर सगळ्या धुराड्यांतून पिवळट धूर निघत होता आणि गारठ्यामुळे वर न जाता घरांच्या अंगावरच लोळत होता. तो माझ्या तोंडात शिरला. थुंकावंसं वाटलं, पण रस्त्यात थुंकणाऱ्यांची मला किळस येते, म्हणून गिळला.

किळस मला पटकन येते. ताई म्हणायची, "तू राजाच्या घरी जन्मायचास, पत्ता चुकून आमच्याकडे आलास." साबणाला चिकटलेला दुसऱ्याचा केस, साखरेच्या डब्यात बुडवलेला ओला चमचा, बसमध्ये कुणाच्या तरी मुठीने कोमट करून ठेवलेला दांडा, पान उलटण्याआधी जिभेला लावलेला अंगठा. एक ना दोन. या सगळ्यांतून वाट काढत मी इतकी वर्षं जगत आलो, आणि त्यात आई मात्र कधी नव्हती. शाळेच्या फाटकापाशी ती रुमालाचं टोक स्वतःच्या थुंकीने ओलं करायची आणि माझं तोंड पुसायची. थुंकी सुकली की तिचा एक आंबूस वास नाकाखाली राहायचा, पहिला तास संपेपर्यंत. बाकीची पोरं हसायची. मी तो वास मुकाट्याने सोसायचो, पुढे पुढे तर मला तो थोडा आवडायलाही लागला होता. आईची किळस येत नसते अशी माझी समजूत होती. ती समजूत या हिवाळ्यात हळूहळू कुजली. आधी तिने चहाचा कप पुढे केला की मी तो त्याच्या कानाला धरून घेऊ लागलो, बोटांना बोट लागू नये म्हणून. मग ती भाजी चिरताना मी तिकडे बघेनासा झालो. तळव्यावर ते पिवळट, टणक दाणे. मानेवर, गळ्याखाली काळे-पांढरे ठिपके. डॉक्टरने मलम दिलं होतं. वय झालं, आयुष्यभर हातांनी राबल्या आहेत, असं काहीसं तो म्हणाला होता. मी मान डोलावली होती आणि आईच्या हाताला मलम लावायचं काम तिच्यावरच सोडलं होतं.

असा नाजूक माणूस कोळशाच्या प्रयोगशाळेत काय करतो, असं लोक विचारतात. पण आमचा कोळसा फार स्वच्छ असतो. खाणीतून आलेलं ढेकूळ आमची पॉलिशवाली घट्ट होणाऱ्या राळेच्या चिकात बसवते, कापते आणि घासून घासून आरशासारखं करते. तो तुकडा काचेच्या झाकणाच्या डबीत जातो, डबी यंत्रात. पुढे हात लावायचा नसतो. पडद्यावर तुकड्याचा पृष्ठभाग कित्येक पटींनी मोठा होऊन दिसतो, मी एक जागा निवडतो, कळ दाबतो आणि लेसर तिथे केसापेक्षा बारीक खड्डा पाडतो. उडालेली धूळ हेलियमच्या झुळकीबरोबर नळीतून जाते, ज्वाळेत शिरते आणि तिथे तिचे अणू अणू सुटे होतात. मग यंत्र त्यांना वजनावरून वेगळं करतं आणि मोजतं. कोळशात नुसता कोळसा नसतो. शिसं असतं, पारा असतो, आर्सेनिक असतं. इतकं थोडं की पूर्वी ते शोधायला ढेकूळच्या ढेकूळ आम्लात विरघळवावं लागे. आता नळीच्या या टोकाला एक ठिणगी आणि त्या टोकाला आकडा. वास नाही, डाग नाही. ज्या दिवशी हे यंत्र आलं त्या दिवशी मी या जगात माझ्यासाठी एक जागा आहे असं मानलं.

जागा निवडणं ही मात्र कला आहे, आणि ती मला साबणाने शिकवली. साबण म्हणजे आमचे प्रमुख. दर थोड्या वेळाने हात धुतात, म्हणून हे नाव. बोटांची सालं निघालेली असतात आणि ते जवळ आले की फिनेलमध्ये फुलं टाकल्यासारखा वास येतो. कोळशाच्या काळ्याभोर पृष्ठभागावर अधूनमधून सोनेरी कण दिसतात, लोखंड आणि गंधकाचे. पडद्यावर फार सुंदर दिसतात. पहिल्याच दिवशी मी एका कणावर नेम धरला तेव्हा साबणाने माझं मनगट पकडलं होतं. "सोनेरी टाळायचं," ते म्हणाले. "त्याच्यावर मारलं की तो फुटतो, शिंतोडे उडतात, नळी बरबटते. मग दिवसभर मशीन धूत बसायचं. शिवाय आकडे जुळत नाहीत. काळी, गुळगुळीत, शांत जागा बघायची." सगळ्या जागांचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, हा त्यांचा नियम. न जुळणारा आकडा म्हणजे अंगावरची घाण. ती काढून टाकायची. मला हे इतकं पटलं होतं की विचारायची सोय नाही. मी शांत जागांचा राजा झालो. माझे आकडे एका ओळीत उभे राहत, आणि साबण बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते दाखवत.

त्या सकाळी खाणीतल्या नव्या थराचा तुकडा तपासणीला यायचा होता. थर मोठा होता. पास झाला तर तो कोळसा थेट घराघरांतल्या शेगड्यांसाठी जाणार होता, अर्ध्या शहराच्या. साबणाला अहवाल दुपारी हवा होता. पॉलिशवाली डबी घेऊन आली, नेहमीसारखी नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका घेऊन. "या वेळचं पोतं माझं हं," ती म्हणाली. "मागच्या खेपेचं तुम्ही नेलंत." आमच्याकडे तशी रीत आहे. नमुना पोत्याने येतो आणि यंत्राला लागतो चिमूटभर. उरलेला कोळसा आम्ही पाळीने घरी नेतो. तपासलेला, फुकटचा, वर पुन्हा आपल्याच हातचा. साबण नेत नाहीत. त्यांच्याकडे गॅस आहे, आणि काजळीचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू होतं. "न्या, न्या," मी म्हणालो आणि पडदा लावला. काळी जागा शोधू लागलो. काळ्यातून सोनेरी दाणे वर आले होते, गोल, टणक, काही एकेकटे, काही पुंजक्याने, आणि बघता बघता माझं पोट सकाळसारखंच तळापासून वर आलं. पडद्यावर आईचा तळवा होता.

मी डोळे मिटले. मिटल्यावर तो तळवा आणखी स्पष्ट दिसला, पण त्यात एक गंमत होती: तो आईचा नव्हता. बोटं जाड होती, अंगठ्याचं नख चेपलेलं होतं. हा हात मी कुठेतरी पाहिला होता, रोज पाहिला होता, आणि त्याच्याकडे बघत डबा खाल्ला होता. कुणाचा? मामाचा? शाळेच्या शिपायाचा? मी उठून बाहेर आलो. गॅलरीच्या टोकाला आम्लाची जुनी खोली आहे. नवं यंत्र आल्यापासून तिथे केरसुण्या आणि रिकामे सिलिंडर ठेवतात. दार ढकललं तसा तो जुना वास आला, नाकात टाचणी खुपसणारा. किती शिव्या घातल्या होत्या मी त्या वासाला! सगळं विरघळेपर्यंत इथे उभं राहायचं, काळं, सोनेरी, खडे, माती, जे असेल ते एकाच भांड्यात. टाळायला तिथे काही नव्हतंच. मी आत जाऊन दार लावलं आणि वळलो. दाराच्या आतल्या बाजूला तक्ता अजून होता, कडा आम्लाने पिवळ्या पडलेल्या. काम करताना काय जपावं याचा तक्ता. त्यात चित्रं होती, आणि आर्सेनिकच्या खाली तो हात होता. चेपलेलं नख, तळव्यावर दाणे. शेजारी एक मान, काळे-पांढरे ठिपके. मी पहिली काही वर्षं या चित्रासमोर डबा खात असे, आणि ते बघायला नको म्हणून पुढे पाठ करून बसू लागलो होतो.

केरसुण्यांच्या गर्दीत मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. भीती नंतर आली; आधी आली ती शिसारी, आणि ती कशाची आहे हेच उमगेना. शेगडी आईच्या खोलीत आहे. तिचं धुराडं सांध्यात फुटलंय, आई त्याला चिंध्या गुंडाळते. थंडीत खिडकी उघडायची नाही हा तिचा हट्ट, आणि शेगडीवर दोरीला मिरच्या वाळत असतात, वर्षाच्या बेगमीच्या, धुराने काळपट झालेल्या. त्या आम्ही खातो. ती जास्त खाते. मला धुरकट वासाने मळमळतं म्हणून मी माझ्या ताटातून काढून टाकतो, आणि मी काढलेल्या ती खाते. उगाच कशाला टाकायच्या, म्हणते. मी नेलेलं पोतं, तिची शेगडी, तिच्या मिरच्या. सगळं डोळ्यांसमोर एका ओळीत उभं राहिलं, माझ्या आकड्यांसारखं.

मागच्या थराचा तुकडा माझ्या खणात होता. जुने तुकडे आम्ही ठेवतो. घरी सध्या जळत होता तो हाच कोळसा. मी तो डबीत घातला, सगळ्यांत मोठा सोनेरी कण शोधला आणि त्याच्या मधोमध नेम धरला. कळ दाबली. पडद्यावर कण फुटला, शिंतोडे उडाले, आणि आर्सेनिकची रेघ, जी मी इतके दिवस जमिनीलगत झोपलेली पाहिली होती, ती सरळ वर गेली आणि पडद्याच्या बाहेर निघून गेली. दुसरा कण. तसंच. मग शेजारची काळी, शांत जागा. रेघ खाली आली, पण पूर्वीइतकी खाली नाही. नळी बरबटली होती.

"ही उडी कसली?" साबण मागे उभे होते, ओल्या हातांनी. "आर्सेनिक," मी म्हणालो. "ते मलाही वाचता येतं. जागा कुठली होती?" "सोनेरी." त्यांनी हात छातीशी घेतले, घाणीत पाय पडल्यावर माणूस पाय उचलतो तसे. "नासवलंस मशीन. आज दुपारी अहवाल द्यायचाय आणि तू मशीन नासवून बसलास. तुला काय झालंय काय?" मी सांगितलं, हा मागच्या थराचा तुकडा आहे, याचं पोतं माझ्या घरी आहे, माझी आई तो जाळते आणि तिचे हात त्या तक्त्यातल्यासारखे झालेत. ते अगदी मायेने म्हणाले, "हे बघ, आईला चांगल्या डॉक्टरकडे ने. पण एक जागा म्हणजे कोळसा नव्हे. बाकीच्या सगळ्या जागा जुळतात ना? मग ही काढून टाक."

"बाकीच्या जागा आपण निवडल्यात, सर."

"निवडायच्याच असतात. नाहीतर तू इथे कशाला?"

"पण शेगडी निवडत नाही ना. तिच्यात सगळंच जळतं."

"शेगडीचं मला सांगू नकोस. मला दोन आकड्यांत फरक चालत नाही, तुला माहितेय." त्यांनी पुन्हा बेसिनकडे पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. लबाड असते तर बरं झालं असतं. लबाडाची किळस कशी सोपी असते, येते आणि जाते. पण या माणसाने काहीही लपवलं नव्हतं. त्याला फक्त घाण सोसत नव्हती. मला सोसत नव्हती तशीच. आम्ही दोघं नाकं मुरडत मुरडत बरोब्बर विषालाच वळसा घालून गेलो होतो, दरवेळी, आणि पाहुण्यांकडून वाहवा घेतली होती. साबण हात धुवायला गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी नळी सोडवली, धुतली, जोडली. बोटं काळी झाली. झाली तर झाली. मग नव्या थराचा तुकडा लावला आणि या वेळी जागा निवडलीच नाही. पडद्याच्या एका कडेला लेसर ठेवला आणि दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघ मारायला सांगितली. वाटेत काळं येवो, सोनेरी येवो. मी पडद्याकडे पाहिलंही नाही, यंत्राकडे पाठ करून बसलो. तक्त्याकडे करायचो तशी. वळलो तेव्हा रेघ करवतीच्या दातांसारखी झाली होती. मागच्या थरापेक्षा हे दात जास्त होते. मी ती पूर्ण रेघ अहवालात घातली, एकही दात न काढता, खाली सही केली आणि खाणीला व कोळसा वाटणाऱ्या कंपनीला पाठवून दिली. प्रमुखांच्या सहीची जागा कोरी राहिली. कोऱ्या सहीवर थर पास होत नाही, निदान आज तरी होणार नव्हता. उद्या मला त्या खुर्चीत बसू देतील की नाही, देव जाणे. जाताना पॉलिशवालीला म्हणालो, ते पोतं नेऊ नका, आणि घरात आधीचं असेल तर तेही जाळू नका. कारणही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पोत्याच्या तोंडावरचा हात काढला नाही. "मग या थंडीत काय जाळू?" ती म्हणाली. "तुमचे अहवाल?" ती हसली नाही. पण पोतं तिने तिथेच सोडलं.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. आईच्या खोलीत नेहमीची ऊब होती, दाट, गंधकाची, आणि ती शेगडीशी पाय पसरून बसली होती. मी खिडकी उघडली. "अरे, अरे, गारठा येईल!" मी चिमट्याने जळते निखारे उचलून बादलीत टाकले, त्यांच्यावर पाणी ओतलं; काळी वाफ खोलीभर झाली. दोरी तोडली आणि मिरच्या कचऱ्यात टाकल्या. आई उठून उभी राहिली. "तुला वेड लागलंय का? वर्षाच्या मिरच्या आहेत त्या!" मी तिला सांगितलं. नीट सांगता आलं नाही. लेसर, सोनेरी कण, तक्ता, सगळं एकमेकांत गुंतत गेलं. ती मला मधेच थांबवत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटी तिने स्वतःचे दोन्ही तळवे उजेडात धरले आणि बघितले. "म्हणून तू मान मागे घेतलीस होय सकाळी," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला माझी घाण वाटायला लागली." मी तिचे हात हातात घेतले. ते खरखरले. पोट वर आलं, सकाळी आलं तसंच, अगदी तसंच. मला वाटलं होतं की आता कारण कळल्यावर येणार नाही. मी हात सोडले नाहीत. "वाटली," मी म्हणालो. "अजून वाटतेय." ती हसली. "लहानपणापासून असाच तू. पोत्यात अजून अर्धा कोळसा आहे, त्याचं काय करायचं?" पोतं जिन्याखाली असतं. मी म्हणालो, मी बघून आलोय, पोतं रिकामं आहे.

"रिकामं कसं असेल?" ती विचारात पडली, आणि मग तिचा चेहरा उजळला, आठवल्याच्या आनंदाने. "अरे हो. वरच्या बाळंतिणीला दिला नाही का मी! दर खेपेला देते थोडा. तिच्या खोलीत फार गारठा, आणि इवलंसं बाळ. ती म्हणत होती, कोळसा चांगला असेल ना, धुराचा त्रास नाही ना व्हायचा? म्हटलं, डोळे मिटून जाळ. माझ्या मुलाने स्वतः तपासलाय." बोलता बोलताच तिचा आवाज बसत गेला आणि ती माझ्याकडे बघू लागली.

मी दुसरी, रिकामी बादली उचलली आणि जिना चढू लागलो. आई मागून येत होती, माझा दंड धरून, आणि तिचा तळवा सदऱ्यातून टोचत होता. वरच्या दाराच्या फटीतून तो वास येत होता. तो मी आता कुठेही ओळखला असता. दार वाजवलं. बाळंतिणीने उघडलं, बाळ खांद्यावर झोपलेलं, गाल शेगडीच्या उबेने लाल झालेले. "या ना, आत या, बाहेर किती गार आहे!" ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यामुळे हा शांत झोपतो हो." मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या बादलीकडे गेलं. मी आणखी आणलाय असं तिला वाटलं. तिने बाळ आईच्या हातात दिलं आणि बादली घ्यायला दोन्ही हात पुढे केले. तळवे मऊ होते, अजून.